कर्ता नसलेलें वाक्य : हिरोशिमाच्या स्मृतिशिलेचें परीक्षण

वाङ्मयाचे प्रकार मोजूं लागलें म्हणजे आपले टीकाकार महाकाव्यापासून आरंभ करून सुनीतापर्यंत येतात, आणि तेथें त्यांची मोजणी संपते. दगडावर कोरलेल्या दोन ओळींना वाङ्मयाच्या पंक्तींत पाट मांडून द्यावा असें कोणास वाटत नाहीं. वस्तुतः शब्दांची जितकी काटकसर स्मृतिलेख लिहिणारास करावी लागते, तितकी क्वचितच एखाद्या कवीस करावी लागत असेल. कवीची ओळ साधली नाहीं तर पुढल्या आवृत्तींत ती बदलतां येते. निबंधकारास पुरवणी जोडतां येते. दगडाला आवृत्ति नाहीं. शिवाय पुस्तक वाचावें कीं न वाचावें हें वाचकाच्या मर्जीवर असतें. चौकांतला लेख मात्र जाणारायेणाराच्या डोळ्यांसमोर पिढ्यान् पिढ्या उभा राहतो, आणि एका शहरानें आपल्या सर्वांत मोठ्या दुःखाविषयीं काय बोलावयाचें ठरविलें तें सांगत राहतो. अशा लेखाचें परीक्षण झालें पाहिजे, आणि तें श्रद्धेच्या आड न लपतां झालें पाहिजे. कारण मृतांच्या नांवानें जें लिहिलें जातें त्यांत खोटें शिरलें, तर तें बाहेर काढणें फार कठीण असतें.

स्मारकशिला आपल्याकडे नवीन नाहीं. महाराष्ट्रांत गांवोगांवीं देवळाच्या आवारांत किंवा वेशीबाहेर वीरगळ उभे आहेत. त्यांच्यावर अक्षरें बहुधा नसतात, पण सांगावयाचें तें सारें असतें. खालच्या चौकटींत वीर लढतांना दिसतो. मधल्या चौकटींत अप्सरा त्याला स्वर्गीं नेत असतात. वरच्या चौकटींत तो शिवलिंगाची पूजा करीत असतो. वीराचें नांव लोक विसरले, तरी त्यानें काय केलें हें विसरलें जात नाहीं. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर वीरगळावरचा मृत हा वाक्याचा कर्ता आहे. तो लढला, तो पडला, तो स्वर्गीं गेला. हवाई हल्ल्यानें ही जुनी वाक्यरचनाच मोडून टाकली. ज्या शहरावर आकाशांतून बाँब टाकले जातात, तेथील मृतांनीं बहुतकरून कांहींच केलेलें नसतें. कोणी चूल पेटवीत असते, कोणी दुकानाची फळी उघडीत असतो, कोणी शाळेच्या वाटेवर असतो. ते कर्ते नसतात, ते वाक्याचें कर्म असतात. आणि जो खरा कर्ता, तो कित्येक हजार फूट उंचीवर असतो. त्याला खालच्या लोकांनीं पाहिलेलें नसतें, आणि त्यानेंहि खालच्या कोणाचें तोंड पाहिलेलें नसतें. म्हणून अशा हल्ल्याचा स्मृतिलेख लिहिणारापुढें पहिला प्रश्न भावनेचा नसून व्याकरणाचा असतो : ह्या वाक्याला कर्ता द्यावयाचा कीं नाहीं?

मराठी वाचकास हा प्रश्न विशेष तीव्रतेनें जाणवावा. आपल्या भाषेंत मरणें आणि मारणें, जळणें आणि जाळणें, पडणें आणि पाडणें ह्यांच्यामध्यें अंतर आहे तें एका कान्याचें. 'शहर जळालें' म्हटलें तर शहरच कर्ता होऊन बसतें, जणूं जळणें हा त्याचा स्वतःचाच उद्योग होता. 'शहर जाळलें' म्हटलें कीं 'कोणीं?' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. एक काना गाळला कीं हत्येचा मृत्यु होतो. ही गळती पुष्कळदां हेतुपुरस्सर असते. २६ एप्रिल १९३७ रोजीं जर्मन व इटालियन विमानांनीं स्पेनमधील गेर्निका हें बास्क लोकांचें गांव बेचिराख केलें, तेव्हां फ्रँकोच्या पक्षानें जगाला सांगितलें कीं, माघार घेणाऱ्या प्रतिपक्षीयांनींच तें पेटवून दिलें. फ्रँकोच्या राजवटींत दीर्घकाळ हीच कथा सरकारमान्य होती. त्या कृत्यांतील आपल्या देशाचा वांटा जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनीं मान्य केला तो १९९७ सालीं, म्हणजे साठ वर्षांनीं. उलट १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' ह्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हां जपानी विमानें आलीं असें शहरांत अनेकांस वाटलें. पण तेथें शत्रु कोणी नव्हता. कापसाच्या गठ्ठ्यांना आग लागली होती, आणि त्याच जहाजांत दारूगोळा भरलेला होता. तेथें निष्काळजीपणास दोष देतां येईल. पण गोदी 'जळाली' असेंच म्हणणें सत्यास धरून होईल, 'जाळली' असें म्हणतां येणार नाहीं. त्या आगींत जे ६६ अग्निशामक कामीं आले त्यांना तर जुना वीरगळहि शोभतो, कारण ते लढतांना पडले. तात्पर्य, कर्ता गाळणें हें कधीं असत्य असतें आणि कधीं सत्यच असतें. ह्या दोन टोकांच्या मध्यें जिचें स्थान आहे, आणि जिच्या कर्त्यावरून अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालला, ती शिला हिरोशिमाची होय.

६ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं सव्वाआठ वाजतां एका अमेरिकन विमानानें जपानांतील हिरोशिमा शहरावर एकच अणुबाँब टाकला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारें १,४०,००० माणसें मेलीं असें मानलें जातें. त्यानंतर जपानांत जें परकीय लष्करी प्रशासन आलें, त्याच्या पहिल्या कांहीं वर्षांत बाँबविषयीं काय छापावें ह्यावर नियंत्रण होतें. २८ एप्रिल १९५२ रोजीं ती सत्ता संपली, आणि त्याच वर्षीं ६ ऑगस्टला स्मारकाचें अनावरण झालें. केन्झो टांगे ह्या वास्तुशिल्पकारानें तें कमानीच्या आकाराचें केलें. प्राचीन जपानी घराच्या छपरासारखी ही कमान आहे. मृतात्म्यांना ऊनपाऊस लागूं नये ही त्यामागची कल्पना. कमानीखालीं एक दगडी पेटी आहे व तिच्यांत मृतांच्या नांवांच्या वह्या आहेत. पुढें बाँबजन्य विकारांनीं जे मेले त्यांचींहि नांवें दरसाल त्यांत घालतात, आणि आतां ती संख्या तीन लाखांच्या पलीकडे गेली आहे. ज्यांचीं नांवें कळलींच नाहींत त्यांच्यासाठींहि एक वही आहे. पेटीच्या दर्शनी भागावर जो लेख आहे, तो साइका तादायोशी ह्यांनीं लिहिला. ते हिरोशिमा विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक होते, आणि बाँबच्या आगींतून स्वतः वांचलेले होते.

लेख दोनच वाक्यांचा आहे. त्याचा भाव मराठींत असा : 'शांतपणें निद्रा घ्यावी, चूक पुन्हां करणार नाहीं.' मुळांत दुसरें वाक्य पहिल्याचें कारण म्हणून येतें, आणि दोन्ही वाक्यें अदबीचीं आहेत. वडीलधाऱ्या माणसाशीं बोलावें तशीं. पहिली ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं हा लेख वाटसरूला उद्देशून नाहीं. वाटसरूला थांबवून मृताची कथा सांगणारे स्मृतिलेख युरोपांत प्राचीन काळापासून आहेत. हा लेख मृतांशींच बोलतो, आणि वाचणारानें तें बाजूला उभें राहून ऐकावयाचें असतें. दुसरी गोष्ट, त्यांत बाँबचें नांव नाहीं, शहराचें नाहीं, शत्रूचें नाहीं, तारीखहि नाहीं. तिसरी गोष्ट, आणि साऱ्या वादाचें मूळ हेंच, कीं दुसऱ्या वाक्याला कर्ता नाहीं. जपानी भाषेंत कर्ता अध्याहृत ठेवणें ही रोजची गोष्ट आहे. आणि जपानी क्रियापद पुरुष किंवा वचन दाखवीत नसल्यामुळें, वाक्याच्या रूपावरून तो ओळखतांहि येत नाहीं. मराठींतहि नुसतें 'करणार नाहीं' म्हटलें तर तें मी, आम्ही, आपण, तो ह्यांपैकीं कोणालाहि लागूं शकतें.

तथापि एक गोष्ट नाकारतां येणार नाहीं. मुळांतलें क्रियापद सकर्मक आहे. चूक 'होणार नाहीं' असें शिला म्हणत नाहीं. 'करणार नाहीं' असें म्हणते. दोहोंतला भेद आपल्या घरांतल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. दुधाचें भांडें सांडलेलें मूल 'पुन्हां असें होणार नाहीं' म्हणतें, तेव्हां तें दोष भांड्यावर ढकलीत असतें; 'पुन्हां असें करणार नाहीं' म्हणतें, तेव्हां तें स्वतः पुढें आलेलें असतें. हिरोशिमाच्या शिलेनें कर्त्याचें नांव घेतलेलें नाहीं, पण चुकीलाच कर्ता करून ती मोकळीहि झालेली नाहीं. कर्त्याची जागा तिनें राखून ठेवली आहे. तिच्यावर कोण बसणार हें मात्र तिनें सांगितलेलें नाहीं.

हा प्रश्न जाहीरपणें विचारला तो एका भारतीयानें. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ति राधाविनोद पाल हे तोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणावर (१९४६-४८) हिंदुस्थानच्या वतीनें बसले होते. सर्व आरोपी निर्दोष आहेत असा भिन्न निर्णय त्यांनीं दिला होता, आणि नाझींच्या आज्ञांशीं तुलना करण्यासारखें पॅसिफिक युद्धांत कांहीं असेल तर तो अणुबाँब वापरण्याचा निश्चय होय, अशा आशयाचें मतहि त्यांत नमूद केलें होतें. नोव्हेंबर १९५२ मध्यें ते हिरोशिमाला आले. अनावरणाला तीनच महिने झाले होते. लेखाचा अर्थ त्यांना सांगण्यांत आला, तेव्हां त्यांनीं हरकत घेतली : चूक करणार नाहीं म्हणणारा हा कोण? जपानी लोक म्हणत असतील, तर बाँब कांहीं जपान्यांनीं टाकला नव्हता. मग त्यांनीं कोणत्या चुकीची कबुली द्यावी? प्रश्न सडेतोड होता, आणि तो विचारणारा मनुष्य जपानचा भाट होता असेंहि म्हणून भागणार नाहीं. ज्या कलकत्त्यांत पाल ह्यांची हयात गेली, त्या कलकत्त्यावर डिसेंबर १९४२ मध्यें आणि पुन्हां डिसेंबर १९४३ मध्यें जपानी विमानांनींच बाँब टाकले होते. गाळलेला कर्ता परत मागणें हा त्यांच्या न्यायबुद्धीचा धर्म होता. पुढें जपानांतील राष्ट्रवाद्यांनीं हा आक्षेप उचलून धरला आणि लेख बदलावा अशी मागणी वेळोवेळीं केली, हा भाग निराळा.

साइका ह्यांनीं पाल ह्यांना पत्रानें उत्तर दिलें. त्यांचें म्हणणें असें कीं, ह्या वाक्याचा कर्ता अखिल मनुष्यजाति आहे; शिलेसमोर जो जो उभा राहील तो तो ह्या वाक्याचा कर्ता होतो. इंग्रजींत ह्या दोघांचा वाद एकाच सर्वनामाभोवतीं फिरत राहिला, कारण त्या भाषेंत 'आम्ही' आणि 'आपण' ह्यांना शब्द एकच आहे. बंगालींतहि तसेंच. मराठींत मात्र हे दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यामुळें वादाचें मर्म आपल्याला चटकन् दिसावें. 'आम्ही' म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलें कीं तो आंत येतो. पाल ह्यांनीं शिलेवर 'आम्ही' वाचलें. साइका ह्यांनीं 'आपण' लिहिलें होतें. एकानें पराभूत राष्ट्राची केविलवाणी माफी वाचली, दुसऱ्यानें साऱ्या जगाला आपल्या शपथेंत ओढून घेतलें होतें. आणि शिलेनें दोहोंपैकीं एकहि शब्द उच्चारलेला नसल्यामुळें दोघांचेंहि वाचन व्याकरणाला सोडून नव्हतें.

मग निवाडा कसा करावा? आधीं हें पाहिलें पाहिजे कीं, पाल ह्यांनीं लेख वाचला तो न्यायाधीशाच्या आसनावरून. न्यायालयांत पहिला प्रश्न 'कोणीं केलें?' हाच असतो, आणि त्याचें उत्तर टाळणारें वाक्य तेथें निरर्थक ठरतें. परंतु हा लेख न्यायपत्र नाहीं. तो मृतांशीं केलेला संवाद आहे. त्याची जात तर्पणाची आहे. तर्पणाच्या वेळीं मारेकऱ्यावरची फिर्याद कोणी पितरांपुढें वाचून दाखवीत नाहीं. तेथें नाव घेऊन पाणी सोडतात, आणि ज्यांचें नांव घेणारें कोणी उरलेलें नाहीं त्यांनाहि पाणी सोडतात. पेटींतील नांवांच्या वह्या, आणि नांव न कळलेल्यांची ती एक वही, ह्याच जातीच्या आहेत. फिर्यादीला जागा इतिहासग्रंथांत आहे, शेजारच्या संग्रहालयांत आहे, न्यायालयांत आहे. आणि ती तेथें दिलीच पाहिजे. पण मृतांच्या उशाशीं काय बोलावें हा प्रश्न वेगळा आहे. एवढ्यापुरतें साइका ह्यांचें पारडें जड मानावें लागतें.

ह्या लेखाचें वैशिष्ट्य तुलनेनें अधिक स्पष्ट होईल. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरावर १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं पांचशेंहून अधिक जर्मन विमानांनीं हल्ला केला. सुमारें ५६८ माणसें मेलीं, आणि मध्ययुगांतलें मोठें प्रार्थनामंदिर जळून त्याच्या नुसत्या भिंती उरल्या. तेथील मुख्य धर्मोपदेशक रिचर्ड हॉवर्ड ह्यांनीं पुढें १९४८ सालीं त्या भग्न भिंतीवर दोन शब्द कोरविले. ख्रिस्तानें वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठीं जी प्रार्थना केली तिच्या आरंभींचे ते शब्द आहेत : पित्याला मारलेली हांक आणि क्षमेची याचना. क्षमा कोणाला, तें सांगणारा शब्द हॉवर्ड ह्यांनीं मुद्दाम गाळला. कारण क्षमेची गरज एकट्या जर्मनांना नसून सर्वांनाच आहे, असें त्यांचें मत होतें. म्हणजे हिरोशिमानें कर्ता गाळला, तर कॉव्हेंट्रीनें क्षमेचें पात्र गाळलें. दोन्ही ठिकाणीं रिकामी जागा एकच काम करते : 'ते' ह्या शब्दाला ती आंत येऊं देत नाहीं. कॉव्हेंट्रीचें धैर्य मात्र अधिक मानलें पाहिजे. हॉवर्ड हे जेत्या राष्ट्राचे नागरिक होते. शत्रूला दोषी ठरविण्याची पूर्ण मोकळीक असतांना त्यांनीं ती वापरली नाहीं. हिरोशिमाला ती मोकळीक मिळून जेमतेम शंभर दिवस झाले होते, म्हणून तिथल्या मौनांत किती औदार्य आणि किती संकोच होता हें वेगळें काढून दाखवितां येत नाहीं.

जर्मनीच्या बाजूचेंहि एक उदाहरण घेऊं. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५ ह्या दिवसांत ब्रिटिश व अमेरिकन विमानांनीं ड्रेस्डेन शहर जाळलें. मृतांचा आंकडा पुढें राजकारणांत फुगत गेला. शेवटीं शहरानें नेमलेल्या इतिहासकारांच्या मंडळानें २०१० सालीं तो जास्तींत जास्त २५,००० असा ठरविला. ज्या जुन्या बाजारचौकांत ६,८६५ प्रेतें जाळलीं गेलीं, तेथें ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत एक लेख बसविण्यांत आला. युद्धाची जी भीषणता जर्मनींतून साऱ्या जगांत नेली गेली तीच तेव्हां आमच्या शहरांत परत आली, असा त्याचा आशय. येथें विमानांना कर्ता केलेलें नाहीं, पण वाक्याला उगम दिला आहे. स्वतःच्या मृतांच्या स्मारकावर स्वतःच्या राष्ट्राचें कृत्य लिहावयास जें बळ लागतें, तें ह्या वाक्यांत आहे. वाक्य म्हणून तें रुक्ष आहे. हिरोशिमाच्या लेखांतली आर्तता त्यांत नाहीं. पण हिरोशिमाच्या लेखांत नसलेली एक गोष्ट त्यांत आहे, आणि तिच्याकडे पुढें वळावयाचें आहे.

तत्पूर्वीं आणखी एक कसोटी. २७ मे २०१६ रोजीं अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा हिरोशिमाला गेले. पदावर असतांना तेथें गेलेले ते पहिलेच अमेरिकन अध्यक्ष. त्या कमानीसमोर पुष्पचक्र वाहून त्यांनीं जें भाषण केलें, त्याच्या पहिल्याच वाक्याचा आशय असा होता कीं, एका निरभ्र सकाळीं मृत्यु आकाशांतून पडला. भाषण संयमाचें होतें आणि पुढें त्यांत खोल विचारहि होता. पण तें पहिलें वाक्य मराठी कानाला लगेच टोंचतें. मृत्यु 'पडला' कीं 'पाडला'? येथें तो काना गळला आहे. शिला कर्ता गाळते आणि अध्यक्षहि कर्ता गाळतात. मग एकाचें वाक्य उदात्त वाटावें आणि दुसऱ्याचें चतुर वाटावें, असें कां? कारण कर्ता गाळण्याचा अधिकार सर्वांना सारखा नाहीं. ज्यानें सोसलें त्यानें 'ते' हा शब्द टाकून 'आपण' म्हटलें, तर तें दान होतें. ज्यानें केलें त्यानें 'मी' हा शब्द टाकून 'आपण' म्हटलें, तर ती पळवाट होते. स्मृतिलेखाचें मूल्य त्याच्या शब्दांत जितकें असतें, तितकेंच तो कोणाच्या मुखांत आहे ह्यांतहि असतें.

हीच कसोटी हिरोशिमालाहि लावावयास पाहिजे, कारण जपान सर्वत्र सोसणाराच होता असें नाहीं. १९३८ ते १९४३ ह्या काळांत जपानी विमानांनीं चीनच्या चुंगकिंग शहरावर वारंवार बाँब टाकले; तेथील मनुष्यापुढें जपानी मनुष्य 'आपण' म्हणूं लागला, तर त्याला आधीं 'आम्ही' म्हणावें लागेल. खुद्द हिरोशिमा हें लष्कराचें मोठें ठाणें होतें, आणि बाँबनें मारलेल्यांत हजारों कोरियन लोक होते. त्यांपैकीं पुष्कळांना साम्राज्याच्या वेठीनें जपानांत यावें लागलें होतें. त्यांच्यासाठीं १९७० सालीं एक वेगळी शिला उभारण्यांत आली, ती शांतिउद्यानाच्या बाहेर. उद्यानांत तिला जागा मिळाली ती १९९९ सालीं. कमानीखालचा लेख साऱ्या मनुष्यजातीच्या वतीनें बोलत होता, आणि त्याच आगींत मेलेल्या शेजाऱ्यांची शिला २९ वर्षें कुंपणापलीकडे उभी होती! 'आपण' हा शब्द लिहिणें सोपें आहे. त्यांत कोणकोण मावतें तें जागा देतांना कळतें.

आतां लेखाच्या खऱ्या उणीवेकडे येऊं. इतकीं वर्षें भांडण झालें तें कर्त्याविषयीं. मला उणीव दिसते ती कर्मांत. 'आयामाची' हा मूळ जपानी शब्द किरकोळ चुकीलाहि चालतो आणि गंभीर अपराधालाहि चालतो. आपल्याकडे चूक, प्रमाद, अपराध, पाप अशी चढती भाजणी आहे. तसा एक पायरी निवडण्याचा प्रसंग शिलेनें स्वतःवर येऊं दिलेला नाहीं. जी गोष्ट पुन्हां करणार नाहीं म्हणून मृतांना वचन दिलें, ती गोष्ट कोणती? अणुबाँब टाकणें? अणुबाँब बनविणें? शहरांतल्या अशस्त्र लोकांवर आकाशांतून बाँब टाकणें? युद्ध सुरू करणें? शेजाऱ्याचा देश गिळणें? शपथेला कर्ता अध्याहृत चालतो, कारण शपथ घेणारा समोर उभा असतो. पण शपथेचा विषय अध्याहृत चालत नाहीं. कर्जदार सही करील आणि रक्कम लिहिणार नाहीं, तर त्या कागदाची किंमत ती काय? ड्रेस्डेनच्या रुक्ष वाक्यानें जें साधलें तें हेंच : भीषणता कोठून निघाली हें त्यानें सांगितलें, म्हणून काय टाळावयाचें हेंहि त्यांत आपोआप आलें.

ही उणीव लोकांना जाणवत आली आहे, असें शिलेच्या पुढल्या इतिहासावरून दिसतें. १९७० च्या सुमारास लेख बदलण्याची चळवळ झाली, तेव्हां लेख बदलणार नाहीं व त्याचा कर्ता सर्व मानवजाति आहे, असें तत्कालीन महापौरांनीं स्पष्ट केलें. १९८३ सालीं शहरानें जवळच एक खुलाशाचा फलक लावला. सूत्र संदिग्ध झालें म्हणजे भाष्य लिहावें लागतें, ही आपल्याला परिचित असलेलीच परंपरा. ह्या भाष्यांतील इंग्रजी भाषांतर मोठें बोलकें आहे. त्यांत कर्ता तर घातलाच आहे, पण 'चूक' ह्या शब्दाच्या जागीं जो शब्द वापरला आहे तो दुष्कृत्य, पाप ह्या वजनाचा आहे. म्हणजे सूत्रानें जी पायरी चढावयाची टाळली, ती भाष्यानें चढून दाखविली. आणि जुलै २००५ मध्यें एका तरुणानें छिन्नीनें लेखावर घाव घातले, ते नेमके 'चूक' ह्या शब्दावरच. त्याचें कृत्य निंद्यच होतें. पण लेख कोठें दुखतो हें त्यालाहि समजलें होतें.

इतकें सारें बोलून झाल्यावरहि हा लेख हवाई हल्ल्यांच्या स्मृतिलेखांत श्रेष्ठ आहे असेंच माझें मत आहे. मृतांची संख्या सांगून डोळे दिपविण्याचा मोह त्यानें टाळला. सूडाचें बीज त्यानें पेरलें नाहीं. आणि जळून खाक झालेल्या शहरानें पहिला उच्चार केला तो आपल्या मृतांना झोंप लागावी म्हणून. त्याचें कर्म धूसर राहिलें, आणि तें स्पष्ट करण्याचें काम त्यानें पुढल्यांवर टाकलें. तें काम पुढल्यांनीं नीट केलेलें नाहीं.

ह्या पुढल्यांत आपण भारतीयहि आहों. कर्ता कोण, असें शिलेला विचारणारा पहिला थोर प्रश्नकर्ता आपल्यांतला होता, ह्याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि वाटावाहि. पण साइका ह्यांचें उत्तर खरें मानलें, तर तो प्रश्न उलटून आपल्याकडे येतो. १९७४ च्या मे महिन्यांत आणि पुन्हां १९९८ च्या मे महिन्यांत पोखरणच्या वाळवंटाखालीं स्फोट करून आपणहि अण्वस्त्रें बाळगणाऱ्या थोडक्या राष्ट्रांत जाऊन बसलों. त्यामागें शेजारच्या राष्ट्रांची भीति होती, संरक्षणाचा विचार होता, अपमानाची बोंचहि होती. हीं कारणें खोटीं नव्हेत, आणि त्यांचा ऊहापोह करण्याचें हें स्थळहि नव्हे. इतकेंच म्हणावयाचें कीं, ह्यापुढें त्या कमानीसमोर उभा राहणारा भारतीय मनुष्य, १९५२ सालीं न्यायमूर्ति पाल उभे राहिले तसा, निव्वळ परीक्षक म्हणून उभा राहूं शकत नाहीं. तीं दोन वाक्यें त्यानें मराठींत मनाशीं म्हणून पाहावींत. दुसऱ्या वाक्याच्या आरंभीं 'आम्ही' घालावें कीं 'आपण' घालावें, हें त्याला म्हणतांना ठरवावें लागेल. आणि 'आपण' घातलें, तर 'चूक' म्हणजे नेमकें काय हेंहि त्यालाच सांगावें लागेल.